सही तिची, सोबत कुणाची?



लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण दर आगमनकाळात ऐकतो. इतक्या वेळा ऐकूनही त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. देवाचा दूत नासरेथला येतो तेव्हा तो मरीयेच्या वडिलांकडे जात नाही. मुलीची सोयरीक, लग्न, घर, सगळे वडीलधाऱ्यांनी ठरवायचे असा तो काळ. तरी तिचे आईवडील त्या अध्यायात कुठेच नाहीत. देव विचारतो तो तिलाच. ती घाबरते. हे घडणार तरी कसे, असा प्रश्न करते. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि मग ती होकार देते. होकारानंतरही ती एकटी राहत नाही. डोंगराळ मुलखातल्या आपल्या नातलग अलिशिबेकडे ती जाते आणि सुमारे तीन महिने तिथे राहते.

म्हणजे तिला विचारले गेले, तिच्या शंकेचे समाधान झाले, होकार तिचा स्वतःचा होता, आणि नंतर एका मोठ्या बाईची सोबत तिला मिळाली. या चार गोष्टी मनात ठेवून आज एका अवघड विषयाकडे वळू या.

सोळा-सतरा वर्षांची, लग्न न झालेली मुलगी आई होते. बाळ सांभाळणे तिला शक्य वाटत नाही. बाळ दत्तक द्यायचे असे ठरते. आता कागदावर सही कुणाची? तिच्या एकटीची सही पुरेशी आहे का? तिच्या आईवडिलांना न विचारता, कधी कधी न कळवताही, असा निर्णय होऊ द्यावा का?

एक बाजू म्हणते, ती अजून अजाण आहे. तिला मत देता येत नाही, जमिनीचा व्यवहार करता येत नाही, मग पोटचे मूल कायमचे देऊन टाकण्याचा निर्णय तिने एकटीने कसा घ्यावा? शिवाय ते बाळ तिच्या आईवडिलांचे नातवंडही आहे. कदाचित आजी म्हणेल, मी वाढवते. दुसरी बाजू म्हणते, घरच्यांना विचारले की निर्णय तिचा राहतच नाही. अब्रूच्या भीतीने तेच तिचा हात धरून सही करून घेतील. आणि काही घरांत तर तिच्यावर अत्याचार करणारा माणूस घरातलाच असतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच इतिहासाकडे पाहणे बरे. अल्पवयीन मुलीचा होकार खरा आहे की नाही हे कसे ओळखावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे साडेचारशे वर्षांपूर्वी आलेला आहे. विषय मात्र दत्तकाचा नव्हता. लग्नाचा आणि मठप्रवेशाचा होता.

१५६३ सालच्या नोव्हेंबरात ट्रेंटच्या विश्वपरिषदेने विवाहाविषयी निर्णय दिला. त्या काळी युरोपातल्या मोठ्या घराण्यांची आणि विशेषतः फ्रान्सच्या दरबाराची इच्छा होती की आईवडिलांच्या संमतीवाचून मुलांनी केलेले लग्न रद्दबातल ठरावे. फ्रान्सच्या राजाने १५५६ मध्येच अशा मुलांना वारसा नाकारण्याची मुभा आईबापांना दिली होती. परिषदेने ही मागणी मान्य केली नाही. आईवडिलांना डावलून लग्न करणे ख्रिस्तसभेला पसंत नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. पण त्यांची संमती नाही एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही, असेही बजावले. होकार हा ज्याचा त्याचा. मात्र त्याच वेळी तिने दुसरी एक अट घातली. लग्न यापुढे चोरून होणार नाही. धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार समोर हवेत. निर्णय तुझा, पण तो अंधारात नको, असा त्याचा अर्थ.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १५६३ मध्ये, परिषदेने मठांविषयी नियम केले. त्या वेळी कित्येक आईबाप हुंडा वाचवण्यासाठी मुलींना मठात घालत. मुलगी घरी नको म्हणून देवाला. परिषदेने ठरवले की सोळा वर्षे पुरी होण्याआधी आणि एक वर्षाची उमेदवारी झाल्याशिवाय व्रत घेता येणार नाही. बारा वर्षांवरील मुलीला मठाचा पोशाख घ्यायचा असेल तर महागुरूंनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने तिची इच्छा नीट तपासावी. तिच्यावर जबरदस्ती झाली आहे का? तिला कुणी भुलवले आहे का? आपण काय करत आहोत हे तिला कळते का? व्रत घेण्याआधी मठाने तिच्या मालमत्तेतून अन्नवस्त्राच्या खर्चापलीकडे काही घेऊ नये, म्हणजे मन बदलले तर पैशापायी तिची वाट अडणार नाही. आणि कुठल्याही स्त्रीला बळजबरीने मठात घालणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याची शिक्षा सांगितली. त्यात आईबापांनाही सूट नव्हती.

हे निर्णय आपल्या मुलखापासून दूर राहिले नाहीत. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि तिने ट्रेंटचे निर्णय स्वीकारले. १६०६ मध्ये जुन्या गोव्यात सांता मोनिका मठ उभा राहिला, तेव्हा मठप्रवेशाचे हे नियम ख्रिस्तसभेत सर्वत्र लागू झालेले होते. नियम आणि आचरण यांत सगळीकडे अंतर राहिले, ते इथेही असेल. पण कसोटी लिहून ठेवलेली होती: जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, समज आहे, वेळ दिला आहे, आणि परतीची वाट उघडी आहे.

आता त्याच ख्रिस्तसभेच्या आयुष्यातले एक दुःखद पान उघडू.

आयर्लंडमध्ये लग्नाविना गर्भवती झालेल्या स्त्रियांसाठी 'माता आणि बालक गृहे' होती. त्यांतली अनेक धर्मभगिनी चालवत, काही प्रॉटेस्टंट संस्था चालवत, आणि सरकार त्यांना पैसे देई. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने अशा १८ संस्था तपासल्या. १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६,००० अविवाहित माता आणि ५७,००० मुले त्यांत राहून गेली. सुमारे ९,००० मुले तिथेच वारली. ज्या मातांचे वय नोंदलेले सापडले, त्यांपैकी ५,६१६ जणी अठरा वर्षांखालच्या होत्या, म्हणजे दर नऊ जणींत एक. आयोगाचा अहवाल १२ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली. आर्माचे महागुरू एमन मार्टिन यांनीही ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमायाचना केली.

या मुली तिथे आल्या कशा? पुष्कळजणींना घरच्यांनी आणून सोडले. मुलींना मिळालेल्या कठोर वागणुकीची मुख्य जबाबदारी आयोगाने बाळांच्या वडिलांवर आणि मुलींच्या स्वतःच्या कुटुंबांवर टाकली, आणि सरकार व ख्रिस्तसभा यांनी त्या कठोरपणाला हातभार लावला असे म्हटले. म्हणजे तिथे 'आईवडिलांचा सहभाग' नव्हता असे नाही. तो भरपूर होता. दाराशी आणून सोडण्यापुरता आणि मूल घेऊन घरी परत येऊ नकोस हे सांगण्यापुरता.

फिलोमिना ली यांची कहाणी पुस्तकामुळे आणि २०१३ च्या चित्रपटामुळे जगाला कळली. अठराव्या वर्षी त्या गर्भवती राहिल्या आणि त्यांना रॉसक्रे येथील शॉन रॉस मठात ठेवण्यात आले. १९५२ मध्ये मुलगा झाला. तीन वर्षांहून अधिक काळ तो त्यांच्या जवळपास वाढला. १९५५ मध्ये त्यांनी एका कागदावर सही केली. या मुलाला पुन्हा पाहण्याचा प्रयत्न करणार नाही, त्याच्यावर हक्क सांगणार नाही, असा त्याचा मजकूर होता. त्या वर्षाच्या शेवटी मुलाला अमेरिकेला दत्तक दिले गेले. पुढे मोठा झाल्यावर तो आईच्या शोधात त्याच मठात आला, पण त्याला तिचा ठावठिकाणा मिळाला नाही. १९९५ मध्ये तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला रॉसक्रेलाच पुरले. आईला हे सगळे नंतर कळले.

इथे एक गोष्ट नीट पाहा. सही करताना फिलोमिना बावीस वर्षांच्या होत्या. कायद्याने सज्ञान. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. तरी ती सही मोकळ्या मनाची होती असे म्हणवत नाही. जायला घर नव्हते. हातात पैसा नव्हता. मूल ठेवून जगता येते हे सांगणारे कुणी नव्हते. आणि सही घेणारे, निवारा देणारे, पापाची जाणीव करून देणारे सगळे एकाच भिंतीच्या आत होते.

जबरदस्तीने दत्तक दिल्याचा पुरावा फारसा आढळला नाही, असे आयोगाने लिहिले. त्या मातांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता हे मान्य करूनही लिहिले. यावरून वाचलेल्या माता आणि त्यांची मुले फार दुखावली. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्या दारातून बाहेर पडायला एकच वाट आहे, त्या वाटेने गेलो म्हणजे आम्ही ती निवडली का? ट्रेंटची कसोटी लावली तर उत्तर मिळते. उमेदवार मुलीची वाट पैशापायी अडू नये म्हणून ज्या ख्रिस्तसभेने मठाला हात आवरायला सांगितले, तिनेच या मुलींची वाट अडू दिली. व्रताआधी एक वर्ष थांबायला लावणाऱ्यांनी आईपणाच्या सहीआधी तेवढी चौकशी केली नाही.

परिस्थिती बदलली की सहीही बदलते, हेही आयर्लंडनेच दाखवले. १९७३ मध्ये सरकारने अविवाहित मातांना भत्ता सुरू केला. त्यानंतरच्या वर्षांत मूल आपल्याजवळ ठेवणाऱ्या मातांची संख्या वाढत गेली. मुलींची माया अचानक वाढली असे थोडेच आहे? त्यांच्यापुढे दुसरा मार्ग आला होता.

मग घरच्यांना पूर्ण दूर ठेवले तर प्रश्न सुटतो का? यासाठी आपल्या मराठी इतिहासातले एक घर पाहू. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या काळी उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने बालपणीच होत, कित्येक जणी कोवळ्या वयात विधवा होत आणि पुनर्विवाहाला बंदी असे. अशी मुलगी गरोदर राहिली तर घरच्यांना कळणे हेच तिच्या जिवावरचे संकट होते. फुल्यांनी शहरात पत्रके लावली. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की इथे ठेवायचे हे त्यांच्या मर्जीवर राहील, असा त्यांचा आशय होता.

या पत्रकात घरच्यांच्या परवानगीची अट नव्हती. पण तिला सोबत होती. बाळंतपण करणारी, जेवू घालणारी सावित्रीबाई होती. आणि मूल नेण्याची वाटही खुली होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने स्वतः दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना त्याच्याच दवाखान्यात नेत असत.

तरीही त्या घराची दुसरी नोंद विसरू नये. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी लिहिले की या गृहात तोवर ३५ गरोदर विधवा आल्या, पण त्यांच्या बाळांपैकी ५ च जिवंत राहिली. बाकीची ३० दगावली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधे घेतली असतील त्यांनी ती गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे घरच्यांना कळू नये म्हणून मुलीने एकटीने जे सोसले, त्याची किंमत बाळांनी भरली. दार उघडे होते, पण तिथवर पोचायला उशीर झाला होता. घरच्यांची जबरदस्ती जितकी घातक, तितकेच तिचे एकटेपण घातक.

दोन्ही पाने शेजारी ठेवली की माझ्या मते उत्तर दिसू लागते. आईवडिलांची सही असली म्हणजे मुलीचे रक्षण झाले असे नाही, आणि ती नसली म्हणजे मुलगी स्वतंत्र झाली असेही नाही. सही तिचीच हवी. आईवडिलांना तिच्या जागी सही करण्याचा हक्क नाही आणि तिची सही अडवण्याचाही नाही. पण ती सही करताना तिच्या बाजूचे एक सज्ञान माणूस तिच्याजवळ हवे. ते आई असू शकते, मावशी असू शकते, शिक्षिका असू शकते. बाळ घेऊन जाणाऱ्यांपैकी मात्र ते असू नये.

आपल्या देशाचा कायदाही हळूहळू याच ठिकाणी आला आहे. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाळाच्या जन्माआधी, किंवा जन्मानंतरच्या तीन महिन्यांत, मूल देण्याचा निर्णय आईवडिलांकडून घेतला जाऊ नये. आजच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल सोडायचे असेल तर बालकल्याण समितीपुढे यावे लागते. समुपदेशन होते, चौकशी होते, आणि सहीनंतर फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. त्या दिवसांत आई आपले बाळ परत मागू शकते. लग्नाविना झालेले मूल सोडण्याचा अधिकार आईचाच. आई अल्पवयीन असेल तर तिच्यासोबतच्या सज्ञान व्यक्तीने साक्षीदार म्हणून सही करायची. कायदा आजी-आजोबांची परवानगी मागत नाही. तो साक्षीदार मागतो. ट्रेंटच्या परिषदेने विवाहासाठी जे मागितले त्याच्याशी हे किती जुळते पाहा.

हे सारे आपल्या धर्मग्रामात का सांगायचे? कारण असा प्रसंग आपल्याकडे येतो तेव्हा तो न्यायालयात आधी जात नाही. तो धर्मगुरूंच्या किंवा पाळकांच्या दाराशी, नाहीतर महिला मंडळातल्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात येतो. त्या वेळी आपल्या तोंडी पटकन येणारी वाक्ये ठरलेली असतात. "कुणाला कळू देऊ नका." "आपल्या मंडळीत एक चांगले जोडपे आहे, त्यांना मूल नाही." हेतू चांगला असतो. पण असे परस्पर मूल देणे कायद्याने गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी ते अन्यायाचेच ठरले असते, कारण ज्यांना बाळ हवे आहे त्यांचेच हितचिंतक त्या मुलीचे सल्लागार होऊन बसतात. आयर्लंडमध्ये नेमके हेच झाले.

म्हणून काही गोष्टी आपण ठरवून घेऊ या. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्याबाबत झालेला अत्याचार पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे 'घरातल्या घरात मिटवू' म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते. तिच्या आईवडिलांना कधी आणि कसे सांगायचे हे तिला विचारून ठरवावे. घर सुरक्षित असेल तर सांगायला आपण सोबत जावे, कारण रागावलेला बाप पुष्कळदा दुसऱ्या दिवशी रडतो, आणि आजी बाळाला पोटाशी धरते. घर सुरक्षित नसेल तर हे सांगण्याचे काम समितीवर सोडावे. तिला बाळ ठेवायचे असेल तर काय मदत मिळेल, हे आधी सांगावे. दत्तकाचा विषय त्यानंतर. आणि तिने विचारपूर्वक बाळ दिले तर तिला टाकून देणारी आई म्हणू नये. आपल्या मंडळीत दत्तक मुले आहेत आणि ती आपल्याला प्रिय आहेत. त्यांच्या पहिल्या आईचा मान राखणे हा त्यांचाही मान आहे.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात एका आईने आपले बाळ तीन महिने लपवले आणि मग पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवले. ते बाळ दुसऱ्या बाईच्या घरी वाढले आणि देवाने त्याच्या हातून आपली प्रजा सोडवली. पण त्या वेळी काठावर आणखी एक मुलगी उभी होती, बाळाची बहीण. पुढे काय होते ते पाहत ती थांबली. फारोची कन्या आली तेव्हा तीच पुढे झाली, आणि तिच्या हुशारीमुळे आईला आपल्याच बाळाला पाजण्याचे काम मिळाले. तिने निर्णय घेतला नाही. ती तिथून हललीही नाही. आपल्या धर्मग्रामाला देवाने दिलेले काम मला तरी हेच वाटते.

प्रार्थना: हे प्रभू, नासरेथच्या कन्येला तू विचारलेस आणि तिच्या उत्तराची वाट पाहिलीस. आमच्या लेकींना विचारण्याचा धीर आणि त्यांचे ऐकण्याची सहनशीलता आम्हांला दे. तुझ्या नावाने ज्या मातांची बाळे घेतली गेली त्यांचे अश्रू तू पूस, आणि तुझ्या लोकांना क्षमा कर. आमच्या घरांची दारे अलिशिबेच्या घरासारखी उघडी ठेव. आमेन.